शुद्ध पाण्यातले खून

१. साक्षीदार

सोमवारी सकाळी पहारेकऱ्याने मला फाटकातच गाठलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, की आत खून झालाय. मी विचारलं, कोणाचा. तो म्हणाला, "सगळ्यांचा."

मला आधी माझा मामा आठवला, कारण सगळ्यांमध्ये तोही येत होता. मग कळलं की मेलेत ते मासे. माझा जीव भांड्यात पडला. तिथे तो फार वेळ टिकला नाही.

आमचा कारखाना कापड रंगवतो. रंगवून उरलेलं पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं आणि तिथून, स्वच्छ होऊन, मागच्या नाल्यात. ते किती स्वच्छ होतं हे जगाला दिसावं म्हणून केंद्राच्या दारातच काचेची मोठी टाकी ठेवलेली आहे. केंद्रातून एक निळा पाइप निघतो, त्याच्यावर एक निळा व्हॉल्व्ह, आणि तो पाइप थेट टाकीत येतो. टाकीत केशरी मासे. वर पाटी: 'हे आमच्याच कारखान्यातून शुद्ध होऊन आलेले पाणी आहे. मासे साक्षीदार आहेत.' समोर छान हिरवळ आहे. पाणी वाचवण्याच्या वचनापायी ती प्लास्टिकची आहे.

पाटीवरचा मजकूर माझा. साक्षीदारांचं पुढे काय होतं, हे रहस्यकथा वाचणाऱ्या माणसाला तेव्हाच सुचायला हवं होतं.

मी या कारखान्याचा वचनपालन अधिकारी. स्वागतकक्षाच्या भिंतीवर कंपनीने जगाला दिलेली चार वचनं पितळी अक्षरांत लावलेली आहेत: माणसाचे हक्क जपू, कामगाराला न्याय देऊ, निसर्गाला धक्का लावणार नाही, लाच देणार नाही आणि घेणार नाही. ती पाळली जातात का हे पाहणं माझं काम. माझ्या विभागात मी आहे आणि एक खुर्ची आहे. खुर्चीचं एक चाक निखळलेलं असल्यामुळे मी कायम थोडा खिडकीकडे, म्हणजे निसर्गाच्या बाजूला, झुकलेला असतो.

पाहुणे आले की टाकीजवळ माझा कार्यक्रम असतो. मी चारही वचनं म्हणतो, माशांकडे हात करतो, टाकीच्या तळाच्या तोटीतून ग्लासभर पाणी घेतो आणि सगळ्यांसमोर पिऊन टाकतो. टाळ्या पडतात. पाण्याला किंचित माशांची चव असते, पण माशांनाही माझ्याबद्दल काही तक्रार असेल.

तक्रार एकाच बाजूने यायची. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या एक काकू अधूनमधून मला फोन करतात, की नाल्यात धुणं धुतलं की हाताला खाज सुटते. मी त्यांना दर वेळी माशांचा फोटो पाठवतो. मागच्या वेळी त्या म्हणाल्या, "बाळ, मग त्या माशांनाच विचार की, मला खाज का सुटते."

आता विचारायची सोय राहिली नव्हती.

मी पोचलो तेव्हा टाकी निम्मी रिकामी झाली होती. शेजारी बादलीत सगळे मासे एकमेकांवर पडलेले. आणि एक हात दुखऱ्या कमरेवर ठेवून, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला अशा अवस्थेत, माझा मामा तळाची तोटी उघडून उरलेलं पाणी घाईघाईने गटारात सोडत होता.

पहारेकरी माझ्या कानात म्हणाला, पुरावा नष्ट करताना सापडलाय.

२. शत्रू हवा आहे

मालकांना सगळे साहेब म्हणतात. साहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. त्यांच्या खुर्चीला सगळी चाकं होती. ती त्यांनी एकदा पूर्ण फिरवली आणि माझ्यासमोर थांबवली.

परवा, म्हणजे बुधवारी, आमचं सगळ्यात जास्त कापड उचलणाऱ्या कंपनीच्या बाई पाहणीला येणार होत्या. वचनं पाळली जातायत असं त्यांना वाटलं तर काम मिळणार होतं, नाही वाटलं तर कुलूप लागणार होतं.

"हे बघ," साहेब म्हणाले, "मासे मेले असतील तर आपलं पाणी वाईट. मासे कोणी मारले असतील तर तो माणूस वाईट. मला दुसरं पाहिजे."

मी म्हणालो, शोधतो. साहेब म्हणाले, शोधायला फार लांब जाऊ नकोस, पाणी सोडताना तुझा मामाच सापडलाय. खाद्य त्याच्या ताब्यात, टाकी त्याच्या ताब्यात. बुधवार सकाळपर्यंत दुसरं नाव आलं तर ठीक, नाही तर मामाला पोलिसांच्या हवाली करून पाहुण्यांना सांगायचं, की घातपात झाला आणि कंपनीने लगेच कारवाई केली. वचनाप्रमाणे.

मी तेव्हा हसलो, कारण मोठ्या माणसांपुढे माझा चेहरा आपोआप तसा होतो. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. मामाने मला घरी आणलं, स्वतः लग्न केलं नाही, डबे करायला शिकला. ते डबे खाऊनही मी जगलो, यावरून मी किती चिवट आहे ते कळेल. शिक्षण संपल्यावर मामानेच इथे शब्द टाकला. केंद्र चालवणं आणि मासे सांभाळणं ही दोन्ही कामं त्याची. ज्याने मला मुंगीवर पाय ठेवू दिला नाही, तो मासे मारील?

पण मग तो पाणी का सोडत होता?

३. चहा डाव्या हाताने

पहिला संशयित घसा. सगळे असं म्हणतात तो कामगारांचा पुढारी. घोषणा देऊन देऊन त्याचा आवाज कायमचा गेलेला आहे, त्यामुळे तो धमकीसुद्धा प्रेमाची कबुली दिल्यासारखी देतो. गेल्याच आठवड्यात तो फाटकावर म्हणाला होता, की या कारखान्यात माणूस होण्यापेक्षा मासा झालेलं बरं.

मी त्याला कँटीनमध्ये गाठलं. तो माझ्यावरच उखडला, अर्थात कुजबुजत. कँटीनचा पिण्याचा नळ आठवड्यातून दोनदा दुपारभर कोरडा पडतो, हे त्याचं जुनं दुखणं. त्यावर त्याची मुख्य मागणी होती: आम्हाला माशांइतकं तरी पाणी द्या.

"आता मासेच नाहीत तर तुलना कोणाशी करू?" तो म्हणाला. "माझं तर नुकसान झालंय. आणि तुला गंमत सांगू? शुक्रवारपासून नळाला धो धो पाणी आहे. मागणी पण गेली आणि तक्रार पण गेली. मी आता करू काय?"

पुढारी खरोखर शोकात होता. मी त्याला सोडून दिलं.

दुसरी संशयित कँटीनची मांजर. तिला मासे बेशुद्ध न करता खाता येतात, त्यामुळे विष घालण्याचं तिला कारण नव्हतं.

तिसऱ्या ताई. पर्यावरण विभागाच्या प्रमुख, नेहमी हिरव्या कपड्यांत. मला मुलाखतीत निवडलं ते त्यांनी. वचन म्हणजे काय हे मला शिकवलं ते त्यांनी. त्यांचं एक वाक्य मी खोलीत लावून ठेवलं होतं, की कोणी पाहत नसताना जे पाळलं जातं तेच वचन. त्यांच्यावर संशय घेताना मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी आधी माफी मागितली.

ताईंचे डोळे लाल होते. मी म्हणालो, टाकीतल्या उरलेल्या पाण्याचा नमुना तपासायला देतो. त्या पटकन म्हणाल्या, पाण्यात वेळ घालवू नकोस, खाद्य तपास. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मामांचं वय झालंय रे. चुकून डब्यात काही पडलं असेल. आपलं माणूस आहे म्हणून डोळे झाकू नकोस."

मला गहिवरून आलं. पर्यावरणाच्या प्रमुखांना पाणी तपासायचं नाही, हे माझ्या लक्षात जिना उतरल्यावर आलं.

चौथी नवी. प्रयोगशाळेतली केमिस्ट, या महिन्यात लागलेली, म्हणून सगळे तिला नवी म्हणतात. पुढची मुलगी लागेपर्यंत तिची सुटका नाही. पहिल्या दिवशी तिला चार वचनांची ओळख मीच करून दिली होती, ग्लासभर पाण्यासकट. ती टाळ्या वाजवणारी एकटी होती, कारण श्रोत्यांत ती एकटीच होती.

तिने मला चहा ओतून दिला, डाव्या हाताने, निम्मा बशीत. उजव्या तळहाताला पट्टी होती. मी मासे मेल्याचं बोललो तर तिने किटली खाली ठेवली. म्हणाली, पाणी तर उत्तम होतं, गुरुवारी आलेल्या नमुन्याच्या बाटलीची तपासणी तिनेच केली होती. आणि पाणी कमी पडलं म्हणावं तर टाकी काठोकाठ भरलेली होती.

मी मान डोलावून चहा प्यायलो. खुनाची चौकशी करायला आलेला माणूस टाकी भरलेली होती की रिकामी, याकडे लक्ष देत नाही. देणारा असता तर त्याला निदान चार चाकांची खुर्ची मिळाली असती.

४. कबुली

संध्याकाळी घरी मामा जमिनीवर पाठ टेकून पडला होता, कमरेखाली गरम पाण्याची पिशवी. शुक्रवारी सकाळी त्याची कंबर धरली होती आणि रविवारपर्यंत तो उठू शकला नव्हता.

मी त्याला विचारलं, पाणी का सोडत होतास. तो म्हणाला, मेलेल्या माशांचं पाणी ठेवतात का. मी म्हणालो, आधी मला किंवा साहेबांना कळवायचंस. तो छताकडे पाहत राहिला.

मला शनिवार आठवला. पडल्या पडल्या तो सारखा म्हणत होता, टाकीकडे जायला हवं. मी म्हणालो होतो, दोन दिवस खाद्य नाही मिळालं तर मासे मरत नाहीत, उलट सडपातळ होतील. त्यावर तो म्हणाला होता, खाद्याचं नाही रे. आणि पहारेकऱ्याला फोन करून त्याने एकच गोष्ट विचारली होती, टाकीत पाणी कुठपर्यंत आहे. पहारेकरी म्हणाला होता, उन्हाने आटून बरंच खाली गेलंय.

पण पाणी कमी झालं तर निळा व्हॉल्व्ह उघडायचा. कोणीही उघडू शकतं. त्यासाठी कंबर धरलेल्या माणसाने कशाला तळमळायचं?

मी साहेबांचं बोलणं त्याला सांगितलं. बुधवारी सकाळी पोलीस, पाहुण्यांसमोर त्याचं नाव. वाटलं, तो चिडेल, निदान मला शिव्या देईल. तो कुशीवर वळला आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला,

"माझंच नाव दे. सांग, मी मारले."

५. प्लास्टिकची हिरवळ

ज्याने काही केलेलं नाही तो माणूस कबुली देतो, तेव्हा त्याच्याजवळ कबुलीपेक्षा वाईट काहीतरी असतं. हे मला रात्रभर कुशी बदलत असताना सुचलं आणि सकाळी पटलं.

मंगळवारी मी लवकर जाऊन टाकीसमोर बसलो. एकच प्रश्न घेतला. विष घालणारा माणूस टाकी भरून का देईल? शनिवारी टाकी खाली गेली होती, पहारेकऱ्याने मामाला फोनवर तेच सांगितलं होतं. नवी म्हणते, मासे मेले तेव्हा ती काठोकाठ होती. म्हणजे मधल्या वेळात कोणीतरी टाकी भरली. खुनी चिमूटभर विष टाकून निघून जातो. या खुन्याने आधी व्यवस्थित पाणी भरलं होतं. हा खुनी नव्हताच. याला माशांची काळजी होती.

मग मी निळ्या व्हॉल्व्हकडे गेलो. दर पाहणीच्या आधी रंगारी येतो आणि पाइप, व्हॉल्व्ह, त्याची फिरवायची चक्री सगळं एकसंध निळं करून जातो. आता चक्रीच्या मानेवर रंग तडकला होता आणि खाली फरशीवर निळ्या खपल्या पडल्या होत्या. मी एक खपली उचलली. जाड होती. एकावर एक, वर्षानुवर्षांचे थर, सगळे एकमेकांना घट्ट चिकटलेले, सगळे एकाच वेळी तुटलेले.

हा व्हॉल्व्ह याआधी कधी उघडलेलाच नव्हता.

ती खपली मी खिशात टाकली. मग मी इतकी वर्षं काय पीत होतो?

पंपघराच्या मागे, कँटीनच्या नळाजवळ, खिळ्याला एक रबरी नळी गुंडाळून ठेवलेली आहे. तिला सगळे बागेची नळी म्हणतात. मीही म्हणायचो. बागेची नळी, आणि बाग प्लास्टिकची. त्या हिरवळीला इतकी वर्षं कोण पाणी घालत होतं, हा प्रश्न कारखान्यात एकाही माणसाला पडला नव्हता, आणि वचनपालन अधिकाऱ्याला तर मुळीच नाही.

नळीचं तोंड शेवाळलेलं होतं. शेवाळात माशांच्या खाद्याचे दोन लाल दाणे अडकले होते.

कँटीनचा नळ आठवड्यातून दोनदा का कोरडा पडायचा, आणि मामा अंथरुणाला खिळल्या दिवसापासून त्याला धो धो पाणी का आलं, हे मला कोणी सांगायची गरज उरली नाही.

मी परत आलो, निळा व्हॉल्व्ह पान्याने थोडा उघडला आणि त्याच्या बाजूच्या छोट्या नळाखाली ग्लास धरला. दिसायला स्वच्छच होतं. नाकाजवळ नेलं आणि मला काकूंचे हात आठवले.

प्रयोगशाळेत जाऊन मी नवीला म्हणालो, तळहात दाखव. तिने पट्टी काढली. चक्रीच्या दांड्याएवढा लांबट फोड. ती सरळपणे म्हणाली, रविवारी ती काम संपवायला आली होती, टाकी खाली गेलेली दिसली, मामा आजारी, म्हणून तिने पाणी सोडलं. व्हॉल्व्ह फार घट्ट होता. अर्धा तास झटली.

"पण सर, ते तर चांगलंच पाणी आहे ना?" ती म्हणाली. "तुम्हीच तर पिऊन दाखवलंत."

मग माझा चेहरा बघून तिचा चेहरा हळूहळू बदलला. मी तिला विचारलं, तपासणीची बाटली तुला कोण आणून देतं. ती म्हणाली, मामा. ताईंनी सांगून ठेवलंय, नाल्याच्या तोंडाशी पाय घसरतो, बाटली मामाच आणतील. म्हणजे बाटलीतलं पाणीही नळीचंच.

कारखान्यात पाटीवर विश्वास ठेवणारी एकच व्यक्ती होती, आणि तिने मासे मारले.

६. नवी खुर्ची

मी साहेबांच्या खोलीत गेलो तेव्हा ताई तिथेच होत्या. मी सगळं क्रमाने सांगितलं: भरलेली टाकी, नवीचा तळहात, कधीच न उघडलेला व्हॉल्व्ह, प्लास्टिकची बाग, कोरडा नळ, मामाची घाई. सकाळी आल्या आल्या मामाला वासावरून कळलं होतं की टाकीत केंद्राचं पाणी आलंय. कोणाला कळायच्या आत ते काढून नळीने चांगलं भरावं म्हणून तो धडपडत होता. मासे कोणी मारले नाहीत. मासे आमच्या पाण्याने मेले. रविवारी केंद्र बंद होतं, आणि मला आता संशय होता की ते सोमवारीही बंदच असतं.

ताई नखं पाहत होत्या. मग म्हणाल्या, केंद्राच्या यंत्रांना वीज फार लागते. पाहुणे येतात तेव्हा ती तासभर नुसती आवाजापुरती चालू असतात. सुरुवातीला फक्त थोड्या दिवसांसाठी नळीची सोय केली होती.

मी म्हणालो, ताई, कोणी पाहत नसताना जे पाळलं जातं तेच वचन, असं तुम्ही म्हणाला होतात.

"मनापासूनच म्हणाले होते रे," त्या म्हणाल्या. हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते खरं होतं.

साहेब मात्र खूश दिसले. घातपात नाही, म्हणजे पोलीस नकोत, मामाला कोणी हात लावणार नाही. नवे मासे दुपारी येतील, नळीने टाकी भरू, उद्या तू नेहमीसारखा ग्लास पी. नवी अजून लहान आहे, तिला समजावू. मग त्यांनी घंटी वाजवली आणि एक नवीकोरी खुर्ची आत ढकलत आणली गेली. उंच पाठ, दोन्ही बाजूंना हात, सगळी चाकं.

"तुझ्यासाठी," साहेब म्हणाले. "कधीची मागत होतास."

त्यांच्या डोक्यामागे चौथं वचन, लाचेचं, चौकटीत लावलेलं होतं. मी खुर्चीत बसून पाहिलं. फार छान होती. मी कुठल्याच बाजूला झुकत नव्हतो.

जाताना साहेबांनी एवढंच सांगितलं, की उद्या काही वेडंवाकडं झालं तर नळी कोणाच्या हातात असायची हे लोक विचारतील. ती मामाच्या हातात असायची.

७. ग्लास

बुधवारी पाहुण्या बाई आल्या. बारीक, शांत, बोलायच्या कमी. टाकीत नवे केशरी मासे होते. ते अजून गोंधळलेले होते, पण जिवंत होते. साहेब, ताई, नवी, घसा आणि पाच पावलं मागे मामा, सगळे अर्धवर्तुळात उभे राहिले.

मी चारही वचनं म्हटली. एकही शब्द चुकला नाही. माशांकडे हात केला. मग तळाच्या तोटीकडे न जाता मी दोन पावलं डावीकडे गेलो, पाना लावला, आणि निळा व्हॉल्व्ह उघडून त्याच्या बाजूच्या छोट्या नळातून ग्लास भरला.

मी म्हणालो, दर वेळी मीच पितो, हे बरोबर नाही. हा मान आज साहेबांचा.

साहेबांनी ग्लास घेतला, कारण पाहुण्यांसमोर दुसरं काही करता येत नव्हतं. त्यांनी तो उजेडात धरून कौतुकाने पाहिला आणि म्हणाले, डॉक्टरांनी त्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय. ग्लास ताईंकडे गेला. ताई म्हणाल्या, आत्ताच चहा झाला, नाही तर नक्की घेतलं असतं. त्यांनी तो नवीला दिला. नवीने हात मागे घेतले आणि रडू लागली. घसा कुजबुजला, की कामगारांना आधी पाणी देण्याची या कारखान्याची पद्धत नाही, ती आज कशाला मोडायची.

ग्लास परत माझ्याकडे येत होता. तेवढ्यात मागून एक हात पुढे आला.

मामा. त्याने ग्लास घेतला, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ओठांना लावला.

पिणार होता. मला ते त्याच्या गळ्यावरून कळलं. मी आजारी पडलो की माझं कडू औषध तो आधी स्वतः चाखून दाखवायचा, तेव्हा त्याचा गळा असाच ताठ व्हायचा. तो ते पाणी पूर्ण पिणार होता, हसणार होता, आणि माझी नोकरी, स्वतःची नोकरी, सगळं पुन्हा जागच्या जागी बसवणार होता.

"मामा, ठेव खाली."

तो थांबला. ग्लास ओठांपाशीच होता.

"ठेव ना रे."

त्याने ग्लास खाली घेतला. मग बाईंकडे वळून, वर्गात उभा केल्यासारखा हात जोडून म्हणाला, "टाकीतलं पाणी नळीचं आहे, बाई. कायम नळीचंच होतं. भरायचो मी. हे पाणी आमच्या कारखान्याचं, हे पिऊ नका."

मासे तेवढे फिरत होते. बाईंनी पिशवीतून एक रिकामी बाटली काढली, ग्लासातलं पाणी तिच्यात ओतलं, झाकण लावलं, आणि प्रयोगशाळा कुठे आहे असं नवीला विचारलं.

८. उजेड

नंतरचं थोडक्यात सांगतो. बाईंनी काम थांबवलं, केंद्राची यंत्रं रात्रंदिवस चालू करायला लावली आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा सुरू केलं. साहेबांनी पत्रकारांना सांगितलं, की ही त्रुटी कंपनीने स्वतः शोधून स्वतः उघड केली, आणि भिंतीवर पाचवं वचन लावलं: पारदर्शकता. ताईंना बढती मिळाली, कारण आता खरंच काम वाढलं होतं. मला पॅकिंगमध्ये पाठवलं. तिथे स्टूल आहे. नवीने नोकरी सोडली. जाताना मला म्हणाली, "सर, तुम्हीसुद्धा पाटी खरीच समजत होता ना?" मी हो म्हणालो. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मामाला पोलिसांनी नेलं नाही. कंपनीने फक्त घरी बसवलं.

काकूंना मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, फोटो मात्र छान यायचे.

त्या बुधवारी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा मामा ओट्यापाशी उभा होता. मग तो पाठमोराच म्हणाला, की ताईंनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू अजून शिकत होतास. तुझ्या नोकरीसाठी शब्द टाकला तो ताईंकडेच. नंतर तुला सांगायचं म्हटलं तर तुझी नोकरी त्या टाकीवरच उभी. पाटीसुद्धा तूच लिहिलीस, केवढ्या आनंदात.

मी म्हणालो, मला सगळ्यांसमोर उभं करायचास आणि मागे उभा राहून ऐकायचास.

तो म्हणाला, "तू पिणार म्हणून नळी आतून मी दर वेळी स्वतः घासायचो. तुझ्या पोटात कधी वाईट जाऊ दिलं नाही."

यात एकही शब्द खोटा नव्हता. मला कधी साधा पोटदुखीचा त्रास झाला नाही. काकूंना मी ज्या पाण्याची खात्री देत होतो, ते त्याने फक्त माझ्यासाठी भरलं होतं.

त्याने माठातून ग्लासभर पाणी काढून माझ्यापुढे ठेवलं, रोज ठेवतो तसं. मी ग्लास उचलला. तो तोंडाला लावायच्या आधी माझा हात खिडकीकडे गेला आणि मी पाणी उजेडात धरून पाहिलं.

क्षणभरच. मग पिऊन टाकलं. चांगलंच होतं.

पण मी पाहिलं ते मामाने पाहिलं होतं. त्याने रिकामा ग्लास माझ्या हातातून घेतला आणि फार वेळ घासत राहिला.